गॅमा कॅमेरा: खर्च आधी डिटेक्टरवर की गणितावर?

मूळ मत
गॅमा किरणांची प्रतिमा सुधारायची असेल तर खर्च आधी किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर व्हावा, नोंदींतून प्रतिमा घडवणाऱ्या गणितावर नंतर, असे माझे ठाम मत आहे. वैद्यकीय तपासणीत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा फोटॉन (गॅमा किरणाचा कण) १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. तो वाटेत ४५ अंशांनी वळला तरी त्याच्याजवळ सुमारे १३० उरतात. सोडियम आयोडाइड या नेहमीच्या डिटेक्टर-स्फटिकाचे ऊर्जाविभेदन (जवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता) इथे १० टक्क्यांच्या आसपास असल्याने ऊर्जेची खिडकी, म्हणजे मोजणीत धरायच्या ऊर्जांचा पट्टा, साधारण १२६ ते १५४ इतकी रुंद ठेवावी लागते, आणि हा वळलेला फोटॉन सरळ आल्यासारखा मोजला जातो. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहक डिटेक्टरचे विभेदन बरेच सरस असल्याने खिडकी अरुंद करून त्याला दारातच अडवता येते.

प्रतिसाद
विखुरलेल्या फोटॉनांचा प्रश्न खरा आहे, पण शेजारच्या ऊर्जा-खिडक्यांतील मोजणीवरून त्यांचा अंदाज बांधून तो पुनर्रचनेत (नोंदींवरून प्रतिमा घडवण्याच्या गणितात) धरता येतो. खरी चणचण फोटॉनांचीच आहे. समांतर छिद्रांच्या कॉलिमेटरमधून (ठरावीक दिशेचेच फोटॉन आत सोडणाऱ्या जाळीतून) दहा हजारांत एखादाच पार होतो, मग मागचा स्फटिक कितीही उत्तम असो. फोटॉन आतच विखुरवून त्याची दिशा काढणाऱ्या कॉम्प्टन कॅमेऱ्यात कॉलिमेटर लागत नाही, मात्र प्रत्येक घटनेतून स्रोताची नेमकी दिशा न मिळता ज्याच्या पृष्ठभागावर स्रोत कुठेतरी असेल असा फक्त एक शंकू मिळतो. हे शंकू नुसते एकमेकांवर रचले तर बिंदुस्रोताभोवती धुकट वलय उरते. त्याच नोंदी शेप आणि वार्डी या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या कमाल-संभाव्यता पद्धतीने (नोंदींशी सर्वांत जुळणारी प्रतिमा फेऱ्याफेऱ्यांनी शोधणाऱ्या गणिताने) सोडवल्या की बिंदू स्पष्ट उठून दिसतो. डिटेक्टर तोच, नोंदी त्याच.

मूळ लेखकाचे उत्तर
आपले उदाहरण माझाच मुद्दा बळकट करते. शंकूचा कोन मोजलेल्या ऊर्जेवरूनच निघतो. ऊर्जा चुकली की शंकूही चुकला. गणिताच्या फेऱ्या वाढवत नेल्या की गोंगाटाचेच ठिपके होतात, आणि नसलेला स्रोत दिसणे हे मला धुकट प्रतिमेहून घातक वाटते. सर्वांत सरस विभेदन देणारे जर्मेनियम सतत थंड ठेवावे लागते, ही अडचण मात्र मान्य आहे.

आणखी एक मत
कॅडमियम-झिंक-टेल्युराइडमध्ये धन प्रभार वाटेत अडकतात, त्यामुळे मोजलेल्या ऊर्जांच्या आलेखातील शिखराला खालच्या बाजूने शेपटी फुटते. फोटॉन किती खोलवर शोषला गेला हे ओळखून ती दुरुस्त करावी लागते. म्हणजे ज्या विभेदनाचे कौतुक चालले आहे, तेही काही अंशी गणिताचीच कमाई आहे. माझा आक्षेप तुलनेच्या रीतीवर आहे. एका प्रतिमेला पाच फेऱ्या आणि दुसरीला पन्नास दिल्या, तर त्यावरून डिटेक्टरचा निवाडा होऊच शकत नाही. स्रोत एकच ठेवावा, वेळ सारखी द्यावी, प्रत्येक घटना स्वतंत्र नोंदवून जपावी आणि गोंगाटाची पातळी समान करूनच प्रतिमा शेजारी मांडाव्यात.