घसरगुंडीचा चटका

दीड वर्षाच्या मुलाला सोलापूरच्या उन्हात बाहेर काढायचं की मे संपेपर्यंत कूलरसमोर बसवायचं, असं विचारलंय तुम्ही. आमचं कार्टं एक वर्ष आठ महिन्यांचं. त्याला घरात बसवायची सोयच नाही. चप्पल हातात घेऊन दारात उभा राहतो.

आम्ही सकाळी सहालाच निघतो. सिद्धेश्वर तलाव, नाहीतर भुईकोट किल्ल्याची बाग. पायरीवर बसून चुरमुरे: एक स्वतःच्या तोंडात, चार कबुतरांना आणि एक जबरदस्तीने आजोबांच्या तोंडात. आठला परत. पारा ४२-४३ वर गेला की दिवसा बाहेर पडायचं नावच नको.

एकदा हौसेनं पाच वाजता बागेत नेलं. पत्र्याची घसरगुंडी, पोरगं चड्डीवर, मांड्या लालबुंद! ऊन कललं तरी पत्रा तापलेलाच असतो, हे डोक्यातच आलं नाही. आता आधी माझा हात टेकवून बघते, मग तो.

संध्याकाळी गच्चीवर टब. चार बोटं पाणी, आणि मी शेजारून हलत नाही. नळाला पाणी रोज कुठलं, म्हणून तेच नंतर कुंड्यांना. टोपी दोन मिनिटांत भिरकावतो, पण सासूबाईंनी टाकलेला ओला टॉवेल डोक्यावर ठेवतो. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा!

प्यायला पातळ ताक, थोड्या थोड्या वेळाने दोन घोट. सहा तास लंगोट कोरडाच राहिला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.