मुलाला ड्रम कॉर्प्समध्ये जायचंय. कोणाची मुलं गेली आहेत का?

ओहायोकर

नमस्कार. मुलगा यंदा ज्युनिअर इयरला (अकरावीला) आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रात फ्रेंच हॉर्न आणि मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन (मार्च करताना वाजवायचा हॉर्न) वाजवतो. आता त्याला पुढच्या उन्हाळ्यात ड्रम कॉर्प्समध्ये जायचंय. ऑडिशनचा व्हिडिओ पाठवला, कॅम्पला बोलावणं आलं, तिथून कॉलबॅकही मिळाला. काँट्रॅक्ट अजून आलेलं नाही, पण लक्षणं तशी दिसतायत, म्हणून ते हातात पडण्याआधी विचारतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कॉर्प्स म्हणजे मैदानावर मार्च करत वाजवणारा आणि इतर कॉर्प्सशी स्पर्धा करणारा तरुणांचा बँड. याचा शाळेशी संबंध नाही, प्रत्येक कॉर्प्स ही स्वतंत्र संस्था असते. क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन काही नाही. ब्रास (पितळी वाद्यं), पर्कशन (तालवाद्यं) आणि कलर गार्ड (झेंडे, लाकडी रायफली फिरवणारे) एवढंच. मे महिन्यात कुठल्यातरी कॉलेजच्या आवारात मुक्काम टाकून शो बसवतात, जूनअखेर टूर सुरू होते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये डीसीआयच्या (ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल, स्पर्धा भरवणारी संस्था) फायनल्स. मधले सगळे दिवस मैदानात सराव, संध्याकाळी शो, रात्री बस, पहाटे पुढच्या शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोप. आणि यासाठी पैसे आपण भरायचे. तो प्रयत्न करतोय ती वर्ल्ड क्लासमधली (वरच्या गटातली) कॉर्प्स आहे, फी सहा हजार डॉलर्सच्या घरात. कॅम्पची विमानभाडी वेगळी.

नवऱ्याचं म्हणणं असं की कॉलेजच्या अर्जांआधीचा हा शेवटचा उन्हाळा. बरोबरीची मुलं रिसर्च प्रोग्रॅम करतायत. १ ऑगस्टला कॉमन ॲप (कॉलेजांचा सामायिक अर्ज) उघडतं, तेव्हा हा कुठल्यातरी स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये वॉर्मअप करत असेल. त्यात यंदा भारतात जायचं ठरलंय, सासूबाईंचं वय झालंय, आणि नातवाला भेटायला त्या वर्षभर दिवस मोजतात. मला स्वतःला जास्त काळजी वेगळीच आहे. हा सतराचा, आणि बरोबरची काही मुलं एकवीस वर्षांची. तीन महिने आपलं असं कोणी जवळ नाही. शिवाय पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही.

त्याचं वेड मला कळतं. सकाळी सहाला बेसमेंटमधून त्याचे लाँग टोन ऐकू येतात. एकच सूर, ट्यूनरचा काटा मध्यावरून हलला की थांबतो, श्वास घेतो, परत पहिल्यापासून. त्याला उठवायला कोणी जात नाही. मला 'नाही' म्हणायचं नाहीये, पण 'हो' कशाला म्हणतेय ते नीट कळायला हवं. ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी खरं काय ते सांगा.

दादर_ते_डॅलस

माझं स्पष्ट मत: यंदा नको. मुलाची आवड खरी आहे हे वाचूनच कळतंय, त्याबद्दल वाद नाही. पण वयाची अट बघा. ज्या सीझनला जायचं त्या वर्षी १ जूनच्या आधी बाविसावा वाढदिवस झालेला नसला की झालं. म्हणजे त्याच्याकडे अजून बरेच उन्हाळे आहेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर पाठवा. तेव्हा तो अठरा पूर्ण असेल, अर्जांची कटकट संपलेली असेल, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना इंटर्नशिप तशीही सहजासहजी मिळत नाही. आजी मात्र थांबणार नाही. आमच्याकडे मुलांच्या स्पर्धांपायी भारतवारी पुढे ढकलत राहिलो आणि आई गेली. हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये, मनापासून लिहितोय.

जास्वंद

ओहायोकर ताई, माझी लेक कलर गार्डमध्ये होती. शाळेत असतानाच सुरुवात केली आणि एज-आउट होईपर्यंत (वयाची मर्यादा संपेपर्यंत) गेली. मी टूरवर फूड ट्रकवर काम करत आले, त्यामुळे आतून बघितलंय. सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या खऱ्या काळजीबद्दल, कारण बाकी सगळं त्यापुढे दुय्यम आहे. २०१८ मध्ये एका जुन्या, नावाजलेल्या कॉर्प्सच्या प्रमुखावर अनेक स्त्रियांनी लैंगिक छळाचे आरोप केले, फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्राने ते छापले आणि त्याला पायउतार व्हावं लागलं. त्यानंतर या क्षेत्रात नियम बरेच कडक झाले. पण नियम कागदावर असतात आणि मुलं जिममध्ये झोपतात. तेव्हा काँट्रॅक्टवर सही करण्याआधी कॉर्प्सच्या डायरेक्टरशी फोनवर बोला आणि सरळ विचारा: सर्व स्टाफ आणि व्हॉलंटिअर्सचं बॅकग्राउंड चेक होतं का? अठराखालच्या मुलांसाठी झोपायची, आंघोळीची व्यवस्था काय? स्टाफमधल्या माणसाने मुलाला एकट्याला मेसेज करायला परवानगी आहे का? तक्रार करायची तर डायरेक्टरला वगळून कोणाकडे जायचं? मी हे सगळं विचारलं होतं. उत्तर देताना समोरचा माणूस अवघडला, घाईत आला, "आमच्याकडे असं काही होत नाही" म्हणाला, तर तिथे पाठवू नका, कॉर्प्स कितीही वरच्या नंबरची असो. आमच्या डायरेक्टरने प्रश्न संपायच्या आत लेखी पॉलिसी ईमेल केली आणि कोणत्या पानावर काय आहे तेही सांगितलं.

तेवढंच महत्त्वाचं, पैसे. तुमची फी नाही म्हणत, त्यांचा ताळेबंद. या संस्था नॉनप्रॉफिट असतात, त्यांचा फॉर्म ९९० (वार्षिक हिशोबाचं सरकारी विवरण) कोणालाही ऑनलाइन बघता येतो. बघाच. सांता क्लारा व्हॅनगार्डसारखी, २०१८ ची विजेती कॉर्प्स, पैशांच्या ओढाताणीमुळे २०२३ मध्ये मैदानात उतरली नाही. १९३४ पासून चाललेली कॅडेट्स २०२४ मध्ये बंदच झाली. ज्या मुलांनी आधीच काँट्रॅक्ट घेतलं असेल त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. म्हणून रिफंडची अटही नीट वाचा: मुलगा मेमध्ये जखमी झाला तर काय, जुलैत घरी आला तर काय.

फी भरायला नातेवाइकांकडे पत्र पाठवून मदत मागायची पद्धत आहे. आपल्या लोकांना ते फार जड जातं, माझ्या नवऱ्याला तर अजिबात पटेना. मी लेकीला सांगितलं, पत्र तू लिही, सही तू कर. तिने लिहिलं. नाशिकच्या माझ्या मावशीने शंभर डॉलर पाठवले आणि पुढचा सगळा उन्हाळा ती स्कोअर विचारायला फोन करत होती. तेव्हापासून आमच्याकडे हा विषय संपला.

आता दिवस कसा असतो ते. फूड ट्रक म्हणजे अख्ख्या सेमी ट्रेलरमध्ये बसवलेलं स्वयंपाकघर. दिवसाला चार जेवणं, शोनंतरचं खाणं धरून, आणि दीडशेच्या वर मुलं, वर स्टाफ, ड्रायव्हर. आम्ही पहाटे अंधारात कांदे-कलिंगडं चिरायला लागायचो. बस त्याच सुमाराला पोचलेल्या असायच्या, मुलं जिममध्ये झोपलेली. याला ते फ्लोअर टाइम म्हणतात, आणि चांगली कॉर्प्स त्यात काटछाट करत नाही. हाही प्रश्न विचारा: उशिरा पोचलो तर सराव उशिरा सुरू होतो का?

पहिल्या वेळी मी ट्रकवर गेले तेव्हा लेकीला बघून महिना होऊन गेला होता. रांगेत आली. हातांवर रायफल झेलून झेलून निळे डाग, बोटांना टेप, ग्लोव्हची सीमा उन्हाने मनगटावर कोरलेली. मी पळी हातात घेऊन उभी. तिने ताट पुढे केलं, "थँक यू" म्हणाली, अगदी पुढच्या-मागच्या मुलांनी म्हटलं तसं, आणि निघून गेली. रात्री ट्रक धुताना आली आणि न सांगता भांडी पुसायला लागली. घरी असताना मी भांड्यांसाठी तिच्या मागे लागून थकले होते. अर्धा तास आम्ही फारसं काही बोललो नाही. मला जे कळायचं होतं ते तेवढ्यात कळलं.

शाकाहाराचं: अडचण नाही, पण आधी लेखी कळवा. बीन्स, टोफू, भात, पास्ता, पीनट बटर असतं. तिखटाशिवाय जगणार नसेल तर लसणाची चटणी बरणीत द्या. आमच्याकडची बरणी ट्रकवरच राहिली आणि पर्कशनच्या मुलांनी दहा दिवसांत संपवली.

दादर_ते_डॅलस, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. आजीचा मुद्दा मला पूर्ण पटतो. ओहायोकर ताई, त्यावर एक उपाय: डिसेंबरच्या सुट्टीत जा. नोव्हेंबर ते एप्रिल, दर महिन्याला एखादा वीकेंड कॅम्प असतो, त्यांच्या तारखा आधीच मिळतात, त्या बघून तिकिटं काढा.

टेंडन_आणि_टाच

फिजिओथेरपिस्ट आहे, मार्चिंगवाली मुलं माझ्याकडे येतात. बहुतेकांची तक्रार नडगीची, क्वचित पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. कारण जवळपास नेहमी एकच: मार्च-एप्रिलमध्ये काही न करता मेमध्ये एकदम दिवसभर पायांवर. आजपासून चालणं-पळणं सुरू करू दे, हळूहळू वाढवू दे. सरावाला चांगले रनिंग शूज, दोन जोड, आलटून पालटून. पाण्याचा गॅलनचा जग सगळेच नेतात, पण दिवसभर नुसतं पाणी पिऊन चालत नाही, मीठही पोटात जायला हवं. आणि इअरप्लग. मेलोफोन असला तरी, कारण ड्रमलाइन कधी पाठीमागे उभी असेल सांगता येत नाही. कॉर्प्सबरोबर पूर्णवेळ ॲथलेटिक ट्रेनर आहे का ते विचारा.

बॅरिटोन२१

मी गेल्या वर्षी एज-आउट झालो. मराठी लिहायची फार सवय नाही, सांभाळून घ्या.

दादर_ते_डॅलस काका म्हणतात ते लॉजिक बरोबर आहे, पण एक गोष्ट. ऑडिशन दर वर्षी नव्याने द्यावी लागते. यंदा स्पॉट मिळाला म्हणजे पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. मेलोफोनच्या जागा ट्रम्पेटपेक्षा कमी असतात.

कॉलेजचं मी असं केलं: एसएटी मार्चमध्ये संपवली, कॉलेजच्या अर्जातल्या एसेचा पहिला ड्राफ्ट घर सोडण्याआधी लिहिला. टूरवर लिहू असं म्हणू नका, टूरवर फक्त झोप येते. आणि एसेमध्ये ड्रम कॉर्प्सने मला डिसिप्लिन शिकवली वगैरे लिहू नका, ते सगळेच लिहितात. मी एका मेझरवर (संगीतातल्या काही मात्रांच्या तुकड्यावर) लिहिलं होतं. बॅकवर्ड मार्च करत क्रेसेंडो (आवाज वाढवत नेणं) होता, आणि आमचा फॉर्म (मैदानावरची रचना) तिथे रोज वाकडा व्हायचा. जुलैभर. शेवटी कळलं की माझ्या डावीकडचा मुलगा बरोबर होता आणि आम्ही बाकीचे सगळे मिळून चुकीचे होतो.

स्कोअर शंभरपैकी असतो: जनरल इफेक्ट ४०, व्हिज्युअल ३०, म्युझिक ३०. गुरुवारी प्रिलिम्स, शुक्रवारी सेमीज, शनिवारी फक्त वरच्या बारा कॉर्प्स. आम्ही एका वर्षी तेरावे होतो. शुक्रवारी रात्री संपलं. तो उन्हाळा वाया गेला असं मला एक दिवसही वाटलं नाही, पण त्या रात्री बसमध्ये कोणी बोललं नाही. तुमच्या मुलाला हे आधी सांगा, की बारा मिनिटांच्या आतल्या एका शोसाठी हे सगळं आहे आणि शेवट आपल्या हातात नसतो. त्यानंतरही जायचं म्हणाला तर पाठवा.

अजून एक, ओपन क्लासही आहे. टूर छोटी, फी कमी, शिकवणारे चांगले असतात. मी तिथूनच सुरुवात केली.

ओहायोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा आम्ही तिघांनी एकत्र वाचला. जास्वंद ताईंचे प्रश्न मी वहीत उतरवलेत, शनिवारी डायरेक्टरशी बोलायचं ठरलंय. फॉर्म ९९० नवऱ्याने तिथल्या तिथे काढला आणि रात्री बारापर्यंत वाचत बसला. त्यांच्यावर कर्ज आहे, पण दर वर्षी कमी होतंय, एवढं त्याने सकाळी चहा घेताना सांगितलं. त्याचं अजून 'हो' नाही.

डिसेंबरची तिकिटं बघतोय. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी पहिलं विचारलं, "रात्री पांघरूण मिळतं ना त्याला?"

बॅरिटोन२१, तू लिहिलेलं तेराव्या नंबरचं त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मला तरी जायचंय." एसेसाठी मेअखेरची तारीख आम्ही कॅलेंडरवर लिहिली आहे. दादर_ते_डॅलस, तुमचं म्हणणं मी बाजूला ठेवलेलं नाही. शनिवारच्या फोनवर एकाही प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर यंदा ओपन क्लास किंवा पुढचं वर्ष, हे त्याने स्वतः कबूल केलंय.

एअर मॅट्रेस कुठल्या साइझची घ्यायची? तो क्वीन म्हणतोय.

जास्वंद

ट्विनच. जिममध्ये तेवढीच जागा वाट्याला येते, आणि क्वीन आणली तर परत पाठवतात. पंप बॅटरीवरचा घ्या, प्लग पॉइंटला रांग असते. पंक्चरची पट्टी बरोबर द्या. आणि सासूबाईंना सांगा, पांघरूण आपणच द्यायचं असतं, त्यांच्या हातची गोधडी असेल तर डिसेंबरात घेऊन या. जिमचा एसी फार थंड असतो.