सोलापुरातली १४ वर्षांची नोकरी सोडून वापीला जावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

महिनाअखेरपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. थोडं लांबेल, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. वय ३८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात १४ वर्षं डिझायनर आहे. जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेवर, जी नक्षी येते ती संगणकावर उतरवायचं काम माझं. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून पत्ते पंच करायची जुनी पद्धतही मी आमच्या मास्तरांकडे शिकलो. टेरी म्हणजे लूपवाल्या टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम लागतात. एक ताणून बसवलेला, तो पायाचा. दुसरा सैल, त्यातून लूप उठतात. साध्या तीन धाग्यांच्या टेरीत आडवे दोन धागे अलीकडे थांबतात आणि तिसऱ्याला फणी तिन्ही धागे एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल सूत वर उचललं जातं. कुठला लूप दर्शनी बाजूला येईल आणि कुठला मागे जाईल, हे नक्षी काढतानाच डोक्यात पक्कं असावं लागतं. एवढं सांगतोय कारण मला येतं ते हेच. टॉवेल-चादरीच्या बाहेर त्याला फारशी किंमत नाही.

आता गुजरातेतल्या वापीच्या एका मोठ्या मिलमधून बोलावणं आलंय. इथे हातात २८ हजार येतात, तिथे ५१ देणार. सहा महिने प्रोबेशन, पहिले तीन महिने राहायची सोय त्यांची. हवेच्या झोताने आडवा धागा टाकणारे एअरजेट माग, इलेक्ट्रॉनिक जेकार्ड, सगळा निर्यातीचा माल. आमच्याकडचे बरेचसे माग जुने आहेत. मनात येतं ते डिझाइन त्यांच्यावर बसत नाही, कापून-छाटून बसवावं लागतं. खरं सांगायचं तर पगाराइतकीच ओढ मला त्या मागांची आहे.

इथे काय आहे? स्वतःचं घर, हप्ता नाही. कारखाना सायकलच्या अंतरावर. आई-आबा सोबत. बायको घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, शिलाईचं काम तिला गल्लीतच मिळतं. मालक माणूस म्हणून सोन्यासारखे. लॉकडाऊनमध्ये माग बंद होते तरी ते अर्धा पगार देत राहिले. त्यांना सोडून जायचं म्हटलं की जीभ उचलत नाही.

पण रात्रपाळी बंद झालीय. पानिपतच्या मिंक ब्लँकेटनी चादरीचं गिऱ्हाईक खाल्लं, सुताचे भाव वरखाली होतात, आणि मालक ६७ वर्षांचे आहेत. दोन्ही मुलं पुण्यात आयटीत. ती परत येऊन माग चालवतील असं कारखान्यात कुणालाच वाटत नाही. विषय मात्र कुणी काढत नाही.

आई म्हणते, "आहे ते सोडून कुठं जायलास? इथं हाक मारली की चार माणसं धावून येतात." तिचं खोटं नाही. गेल्या पावसाळ्यात आबांना रात्री छातीत दुखलं, तेव्हा शेजारच्यांनी रिक्षा काढली, मी चपला घालेपर्यंत आबा रिक्षात होते. वापीत रात्री दोन वाजता मी कुणाचं दार वाजवणार?

आबांचं मत उलट आहे, आणि मी त्यातच अडकलोय. आबा गिरणीत होते. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं, महिन्याला पगार. गिरणी कधी बंद पडेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग पडली. ते म्हणाले, "मी तेव्हा ४६ चा होतो. त्या वयात नवीन ठिकाणी कुणी उभं करत नाही रे. तू अजून ३८ चा हायस." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी ज्याला पक्की नोकरी म्हणतोय ती एका भल्या माणसाच्या तब्येतीवर उभी आहे.

मोठी मुलगी नववीत, सेमी इंग्रजीला, डॉक्टर व्हायचं म्हणते. मुलगा चौथीत. सगळ्यांनी जावं, की मी एकट्याने? १४ वर्षांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचं काय होतं? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

ताळेबंद:
पैशांपुरतं सांगतो. पाच वर्षं पूर्ण झालीत, त्यामुळे राजीनामा दिलात तरी ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ नि भत्ता मिळून १८,२०० असेल तर १४ वर्षांचे १,४७,००० होतात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नवीन कंपनीत वळवून घ्या. दहा वर्षांच्या पुढे सेवा गेली की पेन्शनचा भाग एकरकमी काढता येत नाही, तो पुढे पेन्शन म्हणूनच मिळतो, पूर्ण पेन्शन ५८ पासून. नोकरी बदलली तरी पेन्शनची वर्षं पुढे जोडली जातात. म्हणजे इथलं काही बुडत नाही. वापीच्या ५१ हजारांत मूळ पगार किती, ते मात्र लेखी मागा.

खडूफळा:
दादा, मुलीला हलवू नका! महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावं लागतं. काही कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, पण खासगी नोकरीवाल्यांना तिचा उपयोग नाही. दहावी गुजरातेत झाली तर आपल्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलचं मेडिकल कॉलेजसुद्धा राज्य कोट्यातून तिला मिळायचं नाही. इंजिनिअरिंगला पालकांच्या डोमिसाइलवर (रहिवासी दाखल्यावर) वाट आहे, मेडिकलला नियम कडक आहे. मी दहावीला शिकवते. दर वर्षी एखादं तरी घर हे उशिरा कळून हळहळताना बघते.

होटगीरोड:
माझं मत, जाऊ नका. आई-आबांचं वय बघा. पैसा काय, येतो-जातो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार.

खडूफळा ताई, ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. रात्री मुलीला आणि बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मुलगी बारावीपर्यंत इथेच, हे ठरलं. त्यामुळे बायकोचं शिलाईकामही तुटत नाही आणि आई-आबांजवळ घर भरलेलं राहतं.

होटगीरोड, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण आबाच म्हणतात जा, आणि त्यांच्या शब्दाला मी जास्त मान देतो. सोमवारी मालकांशी बोलणार आहे. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी मीच समोर बसून सांगायला हवं. कारखान्याचं पुढे काय करायचं ठरवलंय, हेही त्यांनाच विचारेन. त्यांनी मुलांपैकी कुणी येतंय असं सांगितलं तर मी पुन्हा विचार करेन. नाही तर सहा महिने एकटा जाऊन बघतो.

आता एवढंच विचारायचंय: वापीत एकटे राहिलेले कुणी मराठी आहेत का? तीन महिन्यांनंतर एका माणसाला खोली आणि डबा किती पडतो? वसईमार्गे गुजरातकडे जाणाऱ्या-येणाऱ्या काही गाड्या सोलापुरावरून जातात. घरी यायला त्यातली शनिवारी रात्री वापीत पाळी सुटल्यावर पकडता येईल अशी कुठली?