शेवटचा पेपर, हाती आलेले प्रमाणपत्र आणि त्यानंतरचा प्रवास

पदव्युत्तर शिक्षण, संशोधन किंवा एखादी व्यावसायिक परीक्षा पूर्ण करून गावी परतलेल्या, अथवा गावात राहूनच ती पूर्ण केलेल्या विदर्भातील मंडळींनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. परीक्षेची तयारी कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती संपल्यानंतरच्या आठवड्यात घरात काय घडले, याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. त्यानंतर केलेल्या पहिल्या प्रवासाविषयीही जरूर लिहावे, कारण आपल्याकडे प्रवासाला निमित्त लागते, आणि ते निमित्त बहुधा लग्न, मयत, दवाखाना किंवा परीक्षा एवढेच असते. सुरुवात मी स्वतःपासून करते.

दर्यापूर तालुका, जि. अमरावती, भूगोलात पीएच.डी.

आमचे गाव खारपाणपट्ट्यात येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात काळी माती खोल आणि चिकण आहे, परंतु विहिरीचे पाणी खारट असल्यामुळे ओलीत करता येत नाही. तेच पाणी पिकाला देत राहिले तर जमीन कडक होऊन कायमची बिघडते. ज्या पाण्यामुळे वडिलांना दुसरे पीक कधी घेता आले नाही, त्याच पाण्यावर मी प्रबंध लिहिला. साडेपाच वर्षे मी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर गावोगावच्या विहिरींचे नमुने गोळा केले, आणि ते ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या आईच्या खाटेखाली राहिल्या.

मौखिकी नोव्हेंबरमध्ये झाली. सव्वा तासात सर्व आटोपले, मार्गदर्शक सरांनी सर्वांसमोर मला पहिल्यांदा ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली, आणि दुपारच्या काळी-पिवळीने मी घरी निघाले. आई कापूस वेचून नुकतीच वावरातून आली होती. पदराला अडकलेली बोंडांची सालपटे काढत तिने विचारले, “झालं काय वो बाई सारं? मंग थ्या बाटल्या उचल आता.” त्या रात्री मी बाटल्या रिकाम्या केल्या, धुतल्या आणि अंगणात उपड्या घातल्या. पुढचे काही दिवस मला आनंद होण्याऐवजी फार रिकामे वाटत राहिले आणि त्याची लाजही वाटली, कारण घरातील प्रत्येकाने या पदवीसाठी काही ना काही पुढे ढकलले होते. धाकट्या भावाचे तर लग्नच दोन वर्षे लांबले होते.

जानेवारीत मी एकटीने प्रवास केला. वर्गात मी नदीचे उगमापासून मुखापर्यंतचे टप्पे शिकवत असे, पण आमच्या पूर्णेचे पुढे काय होते, हे मी नकाशाबाहेर कधी पाहिले नव्हते. मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते, ते प्रथम पाहिले. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी 724 किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे खंभातच्या आखाताला मिळते, म्हणून भुसावळहून नंदुरबारमार्गे जाणाऱ्या गाडीने मी सुरतेला गेले आणि तेथून डुमसच्या किनाऱ्यावर. समुद्र मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. ओहोटी होती, किनारा काळसर आणि चिखलाचा होता, आणि इतक्या लांब येऊन मला आमच्या वावराचीच आठवण झाली. ओंजळभर पाणी तोंडाला लावून पाहिले. पाच वर्षे ज्याची मोजणी केली, त्या खारटपणाचे मूळ आमच्याकडे वेगळे आहे हे मला ठाऊक होते, तरी चव ओळखीची वाटली.

आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

आर्णी तालुका, जि. यवतमाळ, कृषी केंद्रचालक, वय 47

ताईंनी पदव्युत्तर शिक्षणाविषयी विचारले आहे आणि माझे शिक्षण बारावीपर्यंतचे आहे, तरीही लिहितो. कृषी निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते आणि कीटकनाशके, विकणाऱ्या दुकानदारांसाठी एक वर्षाची पदविका आहे. आम्ही तिला ‘देसी’ म्हणतो. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने ती 2003 मध्ये सुरू केली. आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे 48 दिवसांचा अभ्यासक्रम असतो, त्यांपैकी 40 दिवस वर्ग आणि 8 दिवस शिवारभेटी. मी ती पूर्ण केली तेव्हा दुकानाला अठरा वर्षे झाली होती.

ही पदविका मी परवान्याच्या धाकाने घेतली नाही. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा वर मारावा लागे आणि तो परत तोंडावर येई. आमच्या गावातील एक मजूर चार दिवस दवाखान्यात होता. तो वाचला. त्याने फवारलेली दोन्ही औषधे माझ्या दुकानातील होती, आणि ती एकत्र करू नयेत हे मी त्याच्या मालकाला सांगितले नव्हते, कारण ते मलाच माहीत नव्हते. “सगळ्यात जालीम कोणतं हाय, थे द्या,” असे गिऱ्हाईक म्हणे आणि मी काढून देई. दुकान बंद करावे असे त्या दिवाळीत अनेकदा मनात आले.

पदविकेच्या वर्गात एका सकाळी डब्यावरच्या चौकोनाविषयी शिकवले. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर त्याहून कमी. हे मुलाच्या पहिलीच्या पुस्तकात छापता येईल इतके सोपे आहे. अठरा वर्षे तो चौकोन रोज माझ्या हाताखालून गेला, आणि मी किंमत व मुदत सोडून डब्यावरचे काही वाचले नव्हते. त्या दिवशी परत येताना मी कोणाशी बोललो नाही. आता बिलावर मी त्रिकोणाचा रंग लिहितो, हातमोजे आणि तोंडाची पट्टी पुढ्यात ठेवतो, आणि लाल त्रिकोणाचे औषध मागणाऱ्याला कीड कोणती आहे हे विचारल्याशिवाय देत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाईक तुटले, आणि त्याचे मला दुःख नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यावर मी पत्नीला घेऊन हैदराबादला गेलो. पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रस्त्याने मी मालासाठी अनेकदा गेलो होतो, पण ती कधी आली नव्हती. ज्या संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर आहे, ती राजेंद्रनगरला जाऊन बाहेरूनच पाहिली. नंतर सालारजंग संग्रहालयात गेलो. तेथे एक जुने घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक लहानसा पुतळा बाहेर येतो आणि टोले देऊन आत जातो. पत्नीने बाराचे टोले पाहिले आणि एकचे टोले पाहण्यासाठी ती तासभर तेथेच बाकावर बसून राहिली. लग्नाला बावीस वर्षे झाली होती, पण कोणतेही काम हाती नसताना तिला तासभर बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

अकोट तालुका, जि. अकोला, बी.एस्सी. कृषी, ड्रोनचालक

वरील काकांचा अनुभव वाचून एवढेच जोडतो. मी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन दूरस्थ चालकाचे प्रमाणपत्र मिळवले आहे. किमान वय 18 आणि दहावी उत्तीर्ण ही अट असल्यामुळे पदवी नसलेली गावातील मुलेही ते घेऊ शकतात. ड्रोनमुळे फवारणारा माणूस पिकात शिरत नाही, हा मोठा फायदा आहे. परंतु टाकीत औषध मिसळणारा हात माणसाचाच असतो, तेव्हा काकांचे हातमोजे आमच्याकडेही लागतात. प्रवासाचा अनुभव अजून लिहिण्याजोगा नाही.

हिंगणघाट, जि. वर्धा, एम.कॉम., सी.ए. अपूर्ण

पूर्ण न झालेल्या शिक्षणालाही येथे जागा असावी, असे मला वाटते. सी.ए.च्या अंतिम परीक्षेत प्रत्येक विषयात 40 गुण आणि गटात एकूण 50 टक्के लागतात. माझा पहिला गट निघाला. दुसऱ्या गटात चारही विषयांत मी 40 च्या वर होते, पण 400 पैकी बेरीज 198 झाली. पुढच्या दोन प्रयत्नांत तेवढेही गुण पडले नाहीत. तोवर मुलगी झाली होती आणि सासरे अंथरुणाला खिळले होते. परीक्षा सोडण्याचा निर्णय मी रडत घेतला, तरी तो मीच घेतला, आणि कोणी माझ्यावर लादला असे मी म्हणणार नाही.

आज मी तालुक्यातील लहान व्यापाऱ्यांची आणि दोन जिनिंगची जीएसटीची कामे पाहते. हिशेब तपासून सही करण्याचा अधिकार मला नाही, आणि दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास, कागद दुसऱ्याच्या सहीसाठी पाठवताना, त्या दोन गुणांची आठवण होते. माझा अभ्यास वाया गेला असे मात्र मी मुलीसमोर कधीही म्हणत नाही, कारण त्याच अभ्यासावर घर चालते.

17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. त्यानंतर सासूबाई आणि मी आठ महिन्यांत माहूर, शेगाव आणि लोणार पाहिले. लोणारच्या काठावर त्यांनी विचारले, “हे सारं एका दगडानं झालं म्हणता?” उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेले ते विवर आहे, हे मी त्यांना समजावले, आणि त्यांनी ते गावी परतल्यावर शेजारणींना माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगितले.

नांदगाव खंडेश्वर तालुका, जि. अमरावती, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 71

मी सहासष्टाव्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठीत एम.ए. झालो. अभ्यासकेंद्रावर माझेच दोन विद्यार्थी माझ्या शेजारच्या बाकांवर बसत आणि मला उठून जागा देत. ते मी तिसऱ्या दिवशी बंद करविले.

निकालानंतर माझा प्रवास अगदी जवळचा झाला. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव पापळ आमच्या भागातलेच. 1898 साली तेथे जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरोला एम.ए. आणि ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मविषयक प्रबंधावर डॉक्टर झाला, परत येऊन त्याने शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभारले आणि पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला, हे मी छत्तीस वर्षे वर्गात सांगितले. पापळला मात्र मी लग्नाच्या पंगतींसाठीच गेलो होतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो, गावातून सावकाश पायी फिरलो, आणि दुपारच्या गाडीने परत आलो. गुणपत्रिका पिशवीत होती. ती कोणाला दाखवायची नव्हती, पण घरी ठेवून जावेसे वाटले नाही.

एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली, एम.ए. इतिहास, सेट उत्तीर्ण

माझे सर्व प्रवास परीक्षा केंद्रांचे होते. सेटमध्ये, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेत, पहिल्या पेपरात 50 आणि दुसऱ्यात 100 असे 150 प्रश्न व 300 गुण असतात. तीन तासांच्या या परीक्षेसाठी मला तीन दिवस लागत: एक नागपूरला पोहोचण्याचा, एक परीक्षेचा आणि एक परतीचा. पहिल्या वेळी पावसामुळे नाल्याला पूर आला आणि मी पोहोचूच शकलो नाही. तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन महिनोन्‌महिने उशिरा येते, म्हणून धानाच्या रोवणीला आणि कापणीला घरीच असतो.

निकालानंतर मी नागपूरला नवव्यांदा गेलो, आणि त्या वेळी मला कोठेही वेळेवर पोहोचायचे नव्हते. 1863 मध्ये स्थापन झालेले तेथील मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात, मी पाहिले. इतिहासाचा विद्यार्थी असून तोवर आत गेलो नव्हतो. शिलालेख आणि नाणी पाहिल्यावर आदिवासी जीवनाच्या दालनात गेलो. काचेआडचे काही दागिने आणि वस्तू पाहताना मी थांबलो, कारण तशाच वस्तू माझ्या आजीच्या घरात आजही खुंटीला आहेत. शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबातील मुलाने वडिलांना विचारले की हे लोक आता कुठे आहेत, आणि वडिलांना उत्तर सुचेना. मी माडिया आहे, एटापल्लीकडचा आहे आणि इतिहास शिकवतो, असे मी त्यांना सांगितले. त्या मुलाने मग अर्धा तास मला प्रश्न विचारले. एका वस्तूविषयी मला सांगता आले नाही, तेव्हा तिचे चित्र वहीत काढून घेतले आणि घरी आल्यावर आजीला दाखवले. तिने नाव सांगितले, ती कशी करतात तेही सांगितले.

या वर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांना ते दालन दाखवायचे आहे. बत्तीस मुले आहेत, त्यांपैकी एकोणीस जणांनी नागपूर पाहिलेले नाही. अहेरी आगारात गाडीची चौकशी केली आहे. धान निघाल्यावर, डिसेंबरमध्ये जावे असे ठरते आहे.