मदत हवी आहे : इंग्लंडच्या यादवीतला कर, वसूल धरायचा की थकलेला?

नमस्कार मंडळी. राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटने फेब्रुवारी १६४३ मध्ये साप्ताहिक कर बसवला. एकट्या लंडनवर आठवड्याला १०,००० पौंड. काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) आकडा वरून ठरायचा, तो गावागावांत वाटला जायचा आणि गावचा कॉन्स्टेबल (गावकामगार) घरोघरी गोळा करायचा. नाकारलं तर मालाची जप्ती, विक्री, आणि कर वळता करून उरलेले पैसे मालकाला परत.

कागदावर सरळ, पण जप्तीची गाय शेजारी विकत घेईनात तर वसुली तिथेच अडायची. मग पार्लमेंटचे घोडेस्वार यायचे, गावातच मुक्काम ठोकायचे. त्यांचं जेवण, घोड्यांचा दाणावैरण हा खर्च गाव करातून वजा मागायचं. माझं कोडं हेच: मी लावतोय त्या कॉन्स्टेबलच्या हिशेबातला हा खर्च भरलेला कर धरायचा की बाकी? दोन्हीकडे मांडला तर बेरीज फुगते. शिवाय दोन्ही पक्षांच्या मुलखांच्या सीमेवरच्या गावांकडून राजाच्या शिबंदीनेही कर उकळला. त्याला वेगळा रकाना ठेवावा का?

तारखा जपून वाचा. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून कागदावरचा ‘फेब्रुवारी १६४२’ म्हणजे आपला १६४३. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स. बेरीज आधी पेन्समध्येच करतोय. असे हिशेब कुणी लावले असतील तर पद्धत जरूर सांगा.