परदेशात आपलं गाणं : कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

कोल्हापुरात गाणं शोधायला जावं लागत नाही. तालमीतला पोवाडा, जोतिबाच्या यात्रेतली हलगी, देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेतली बैठक, काही ना काही कानावर येतंच. परदेशी गेल्यावर हे थांबतं. तेव्हा तुम्हाला कशाची ओढ लागली? सविस्तर लिहा.

स्टुटगार्टहून
देवल क्लब १८८३ सालचा, पण माझ्या लेखी ती शाळेच्या वाटेवरची इमारत. इथं एका सहकाऱ्यानं विचारलं, १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गाण्यांची जी तबकडी गेली, तिच्यातली भारतीय गायिका कोण? केसरबाई केरकर! भैरवीतलं ‘जात कहाँ हो’. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ, म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले आमचे खाँसाहेब. हे सांगताना ऊर भरून आला. त्या रात्री ती भैरवी पुन्हा पुन्हा ऐकली. मग गायक मल्लिकार्जुन मन्सूर ऐकण्यात आले. त्यांना तालीम खाँसाहेबांच्याच मुलांची, मंजीखाँ आणि भुर्जीखाँची. आता रात्री सगळं आवरलं की त्यांचा ‘संपूर्ण मालकंस’ हा राग लावते. तान लयीला बिलगून वळत वळत येते आणि अलगद समेवर उतरते, तिथं हातातलं काम सुटतंच. या गायकीला निवांतपणा लागतो. घरी असताना तो कधी मिळाला नाही, इथल्या एकटेपणानं दिला.

मेलबर्नहून
मला फक्त हलगी! खासबागेत कुस्ती रंगली की हलगीवाला ठोका वाढवत न्यायचा, पोटात घुमायचं. व्यायाम करताना तेच ऐकतो. पण जाळावर शेकलेल्या कातड्याचा खणखणीत आवाज मोबाइलमधनं येत नाही राव.

दोह्याहून
आई फोन चालू ठेवते, मागं आकाशवाणी सांगली लागलेलं असतं. आम्ही बोलत नाही, नुसतं ऐकतो.

लंडनहून
८ ऑगस्ट २०२४. ऑफिसातून निघताना केशवराव भोसले नाट्यगृह पेटल्याचे व्हिडिओ आले. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. त्या नाट्यगृहात आजोबांनी मला मांडीवर घेऊन पहिलं संगीत नाटक दाखवलं होतं. पद संपलं की ते ‘वन्स मोअर’ म्हणून उठायचे आणि मी घसरायचे. तिकडून भाऊ फोनवर रडत होता. घरी येईपर्यंत नाट्यपदंच ऐकली. तेव्हापासून लेकीला एकेक पद शिकवतेय. तिला आता पेटी शिकायचीय. सुट्टीत महिनाभर येतोय, मंगळवार पेठेत लहान मुलांना शिकवणारं कुणी असेल तर सांगा.