ग्रेडच्या आकड्यावर जाऊ नका

दादा, सराफ्यात भाव चढतोय म्हणून सोनं शोधणाऱ्या कंपनीचे शेअर घेऊ का विचारताय, पण अशा कंपनीकडे विकायला अजून सोनंच नसतं हो, ड्रिलिंगचा, म्हणजे जमिनीत भोकं पाडून दगडाचे नमुने काढण्याचा खर्च बहुतेक नवे शेअर काढूनच चालतो आणि आपला हिस्सा घटत जातो. एक टन दगडात ५ ग्रॅम सोनं (यालाच ग्रेड म्हणतात) लागलं म्हणताय ते चांगलंच, पण भोकात सलग किती मीटर लांबीत लागलं? १ मीटर आणि २० मीटर यात जमीनअस्मानाचा फरक आहे. कोलारला सोनं होतंच की, काढणं परवडेना म्हणून २००१ला खाण बंद झाली. आणि १९९७चं ब्रे-एक्स, सोनं शोधणाऱ्या कॅनडाच्या कंपनीचं प्रकरण, तिथे तर नमुन्यांतच बाहेरून सोनं मिसळलेलं निघालं! इंदूरला आपल्यातली कितीतरी मंडळी पेन्शनचे पैसे लावतात, त्यांना प्लीज आत्ताच टिप देऊ नका, आधी कंपनीकडे कॅश किती उरलीय ते बघा.